सव्वाबारा इंचांवरचे गोफणवाले

मी, यज्ञेश्वर माधव रिसबूड, वय वर्षे पंचावन्न, व्यवसाय उपहासात्मक लेखन (त्याला व्यवसाय म्हणावे का, याबद्दल माझ्या सासुरवाडीत अजून एकमत नाही), जन्म नारायण पेठेतला, सध्या राहणार कर्वेनगर, पुणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी साधं ऑपरेशन आहे, रिसबूड." साधे असते तर सात ठिकाणी सह्या कशाला घेतल्यात, असे मी विचारले. ते हसले. डॉक्टर हसला की मला संशय येतो. म्हणून हे मृत्युपत्र.

ते मी माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. पत्नी हेमा हिचा दबाव गेली अठ्ठावीस वर्षे आहेच, तो जमेस धरलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवलेच तर ते खोटे समजावे, आणि दाखवणारा आमोद आहे का ते आधी पाहावे.

कलम १. कर्वेनगरचा फ्लॅट हेमाचा. पूर्ण. माझा भाचा आमोद गेल्या महिन्यात पाच वेळा भेटायला आला. त्याआधीच्या पाच वर्षांत दोनदा आला होता. "मामा, आता कसं वाटतंय?" हे तो मला विचारतो, पण पाहतो छताकडे, ओल कुठवर आली आहे ते. आमोदला मी माझी काळी छत्री देतो. ती त्याच्याकडेच आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी हेमा आणि मुलगी तनया यांना निम्म्या-निम्म्या. या कलमावर भांडण होणार नाही. भांडावे इतके त्यात नाही.

कलम ३. एका साप्ताहिकात मी 'आडून' नावाचे सदर बावीस वर्षे लिहिले. त्याच्या कात्रणांची तीन खोकी तनयाला. तिने ती रद्दीत घालायला माझी हरकत नाही. फक्त आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या रद्दीवाल्याला देऊ नयेत. तो वजन करताना काट्यावर बोट ठेवतो. मी पाहिले आहे. एक कात्रण निळ्या पाकिटात वेगळे आहे, ते कलम ७ बरोबर वाचावे.

कलम ४. शिवणाचे यंत्र, कात्री, मोजायची कापडी टेप आणि खणातली बटणे ही हेमाची स्वतःची मिळकत आहे. ती घरी ब्लाउज शिवते. मी या वस्तू कोणाला देत नाही. त्या माझ्या नाहीत, हे लिहून ठेवतो, म्हणजे आमोदला शंका राहायला नको.

कलम ५. सैन्य. इथे जरा थांबावे लागेल, कारण वकीलबाईसुद्धा थांबल्या होत्या. "सैन्य म्हणजे?" असे चैताली वकिलांनी पेन खाली ठेवून विचारले.

सैन्य म्हणजे बोटाच्या पेराहून लहान, धातूचे, मी स्वतः भिंग लावून रंगवलेले सहाशे बारा शिपाई. प्राचीन काळच्या लढाया टेबलावर लढायचा हा खेळ आहे. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरायची, चादरीखाली पुस्तके सारून टेकड्या करायच्या, समोरासमोर सैन्ये मांडायची, टेपने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे आणि मार लागला की नाही ते फाशांवर ठरवायचे. दर रविवारी आम्ही तिघे जमत असू. मी, भूमापन खात्यातले माझे मित्र रामदास ओव्हाळ आणि पंच म्हणून संजय पोंक्षे, ज्याला कोणाचीच बाजू घ्यायची नसते. माझे सैन्य रोमशी लढलेल्या कार्थेजचे. रामदासचे मौर्यांचे, हत्तींसकट. इतिहासात या दोघांची गाठ कधी पडली नाही. आमच्या टेबलावर ती सतरा वर्षे पडत होती.

परदेशांतल्या नियमावल्या मिळतात. पण त्यांत हत्तींवर अन्याय होतो असे रामदासला वाटे आणि गोफणवाल्यांवर होतो असे मला. म्हणून आम्ही दोघांनी बसून मराठीत स्वतःची नियमावली लिहिली. अडतीस पाने. अक्षर रामदासचे, कारण माझे मलाच लागत नाही.

कलम ६. सुटे. नियमावलीत पायदळाचे दोन प्रकार आहेत. खांद्याला खांदा लावून उभे राहणारे ते घट्ट. पांगून हिंडणारे, हलके, बिनचिलखती, गोफण, धनुष्य किंवा फेकायचा भाला घेतलेले ते सुटे. सुट्यांचे काम असे: घट्टांच्या पुढे जायचे, शत्रूला दगड मारून हैराण करायचे, हत्ती बुजवायचे, आणि शत्रू अंगावर आला की आपल्याच रांगांमधल्या फटींतून मागे पळून यायचे. जागा धरून ठेवणे हे त्यांचे काम नाही. पाहणाऱ्याला ते सैन्यातली अडगळ वाटतात. पण ज्याचे सुटे चांगले, त्याचे घट्ट ताजेतवाने लढतात. हे मी सतरा वर्षे सांगितले.

भांडण होते ते एकाच गोष्टीवर. तिसरा हिस्सा शिपाई पडले की सैन्य मोडले, असा आमचा नियम. मग पडलेल्या शिपायांत सुटे धरायचे का? रामदास म्हणे, "मेला तो मेला. मोजायचा." मी म्हणे, "ते पळायलाच ठेवलेत. त्यांची कसली मोजदाद?" संजयने नेहमीप्रमाणे छापा-काटा केला आणि मी जिंकलो. पान एकवीस: 'सुटे धरू नयेत.' ते लिहिताना रामदास म्हणाला, "म्हणजे दगड मारायचा आणि गणतीत यायचं नाही. लेखकाला शोभतो तुझा नियम." मी तेव्हा मनापासून हसलो होतो.

कलम ७. दिनांक १७ ऑगस्ट २०१४, रविवार. वर्षातली सगळ्यात मोठी लढाई. डाव्या बगलेला माझे बारा गोफणवाले, त्यांच्यासमोर रामदासचे तीन हत्ती. गोफणीचा पल्ला बारा इंच. एवढ्या अंतरात दगड लागला असता तर हत्ती उलटून त्यांच्याच रांगांत घुसणार होते आणि मी जिंकणार होतो. मी कापडी टेपने मोजले. पावणेबारा. पल्ल्यात. (आमच्या घरी खेळताना स्टीलच्या टेपला बंदी होती. एकदा ती सुर्रकन आत गेली आणि जाता जाता माझे अख्खे घोडदळ आडवे करून गेली.) मी चहा आणायला आत गेलो. संजय त्याच वेळी बाथरूममध्ये गेला. टेबलापाशी रामदास एकटा होता.

परत आलो तर हेमा टेप घेऊन गेलेली. रामदासच्या पत्नीचा, शालनवहिनींचा, ब्लाउज तिला बेतायचा होता. रामदासने खिशातून स्टीलची टेप काढली. ती त्याच्या खिशात कायम असे.

"सव्वाबारा," तो म्हणाला. "पोचत नाही, यज्ञेश."

"मघाशी पावणेबारा होतं."

"आत्ता सव्वाबारा आहे."

"मग हत्ती अर्धा इंच मागे कोणी नेले?"

"कोणी नाही."

"संजय, तू पाहिलंस?"

"मी आत होतो," संजय बाथरूमच्या दारातून म्हणाला.

पुढच्या खेपेला हत्ती चालून आले. माझे गोफणवाले मागे पळाले, फटी अरुंद होत्या म्हणून माझ्याच भालाइतांत अडकले आणि सगळे एकदम तुडवले गेले. मी हरलो.

त्याच संध्याकाळी मी 'आडून' लिहिले. बुधवारी ते छापून आले. नाव घातले नव्हते. वाक्य असे होते: 'जमिनीची मोजणी करून ज्यांची हयात गेली, त्यांच्या नजरेसमोर हत्तीसुद्धा अर्धा इंच सरकतो, मग तुमच्या बांधाचे काय घेऊन बसलात?' रामदासने नोकरीत कोणाच्या बांधावर चहासुद्धा कधी घेतला नाही, हे मला माहीत होते. म्हणूनच वाक्य छान जमले होते. ते कोणीतरी त्याच्या कचेरीतल्या फळ्यावर लावले. कोणी लावले ते मला माहीत नाही. मी मात्र त्या आठवड्यात सगळ्यांना वाचायला देत होतो. रामदास त्यानंतर आला नाही. अकरा वर्षे.

कटाचा पुरावा म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. त्याच मंगळवारी शालनवहिनींचा हेमाला फोन आला होता, की ब्लाउज दीड इंच ढगळ झाला आहे. माप त्यांच्या जुन्या शिंप्याने चिठ्ठीवर लिहून दिलेले, छत्तीस, हेमाने बेतले चिठ्ठीप्रमाणेच. नवरा टेबलावर, बायको शिवणावर, दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात हल्ला. हा योगायोग नव्हे, असे मी हेमाला तेव्हाच सांगितले. हेमा म्हणाली, "तुम्हाला ब्लाउजातसुद्धा हत्ती दिसायला लागलेत."

सबब, माझी आज्ञा अशी: माझ्या सैन्यातला एकही शिपाई रामदास ओव्हाळ यांच्या हाती जाऊ नये. उलट त्यांना या मृत्युपत्राचे साक्षीदार म्हणून बोलवावे. ज्याला काही मिळायचे आहे त्याची साक्ष घेऊ नये, असे चैताली वकील म्हणाल्या. तेव्हा साक्षीदार केले की त्यांना काही न देण्याची पक्की सोय होते, आणि हे कलम वाचावेही लागते.

येथवर शुक्रवारी लिहिले.

कलम ८. शनिवार. सैन्य माझ्या पश्चात खोक्यांत कुजू नये म्हणून तनयाने काचेचे कपाट करायला सांगितले होते. भिंतीतल्या कोनाड्याचे माप तिनेच घेऊन सुताराला फोनवर कळवले होते, रुंदी सेहेचाळीस इंच. सकाळी नागोराव सुतार कपाट घेऊन आले. कपाट कोनाड्यात गेले, पण शेजारी माझा हात जाईल एवढी जागा उरली. मी नागोरावांकडे संशयाने पाहिले. त्यांनी स्टीलची टेप लावली.

"अठ्ठेचाळीस हाय," ते म्हणाले. "ताई, तुमी काय लावून मोजलं?"

तनयाने यंत्राच्या खणातली टेप आणून दिली. नागोरावांनी ती आपल्या टेपशेजारी धरली, बोटांत चोळली आणि परत दिली.

"ही ताणल्याली हाय. कापडाची टेप ताणतीच. बाराला अर्धा इंच खाती ही. फेकून द्या."

ते गेले. मी खुर्चीवर बसलो. हेमा यंत्रापाशी उभी होती.

टेप ताणलेली असेल तर खरे अंतर सव्वाबारा असताना ती पावणेबारा दाखवते. ताणलेल्या टेपने छत्तीस मोजून कापड बेतले तर साडेसदतीस भरते. म्हणजे ढगळ, दीड इंच. अकरा वर्षांत मी आमोदवर, डॉक्टरांवर, रद्दीवाल्यावर आणि मौर्यांच्या तीन हत्तींवर संशय घेतला. घरातल्या खणात वेटोळे करून पडलेल्या एका टेपवर घ्यायचा राहिला.

कलम ९. कलम ७ मधली आज्ञा रद्द. मजकूर मात्र खोडू नये, सगळा वाचता आला पाहिजे. चैताली वकील म्हणाल्या, "सर, स्वच्छ नवीन प्रत करू या ना." मी नाही म्हणालो. स्वच्छ प्रती मी बावीस वर्षे केल्या. तसेच, माझे संपूर्ण सैन्य, बारा गोफणवाल्यांसह, श्री. रामदास ओव्हाळ यांना द्यावे.

मग मी धायरीला, रामदासच्या घरी, फोन लावला. शालनवहिनींनी घेतला.

"वहिनी, यज्ञेश्वर बोलतोय. रिसबूड."

"आहात अजून?"

"गुरुवारपर्यंत नक्की आहे. रामदासशी बोलायचं होतं."

"लिहा की. तुम्ही लिहिता ना."

"वहिनी, तुमचा तो ब्लाउज खरंच ढगळ होता."

"अकरा वर्षं लागली होय समजायला?"

"टेप ताणलेली होती."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, आणि रामदासचा.

"किती ताणलीय?"

"बाराला अर्धा."

"उद्या येतो. टेपला हात लावू नकोस."

कलम १०. रविवार. रामदास सकाळी दहाला आला. केस पूर्ण पांढरे झाले आहेत. खिसा तोच. आधी बसला नाही, पाणी घेतले नाही. दोन्ही टेपा टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून, चष्मा लावून, तीनदा मोजले. मग बसला आणि मी लिहिलेले पहिल्या ओळीपासून वाचू लागला. कलम ७ वर फार वेळ थांबला.

"हे ठेवलंस?"

"ठेवलं."

"बरं केलंस."

मला राहवले नाही. "तुला केव्हा कळलं होतं?"

"त्याच मंगळवारी. शालनचा ब्लाउज मोजला. छत्तीसाला दीड जास्त, म्हणजे बाराला अर्धा. माझा धंदाच आहे तो. रविवारी टेप दाखवायला येणार होतो तुझ्याकडे. बुधवारी तुझं 'आडून' आलं."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, रामदास!"

"तू विचारलं कुठे? तू छापलंस. छापून आल्यावर मोजणीचा अर्ज कोण करतो?" त्याने चष्मा काढून पुसला. "साहेबांनी फळ्यावरचं कात्रण वाचून मला विचारलं, ओव्हाळ, हे तुमच्याबद्दल आहे का? तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला तो प्रश्न एकदाच विचारला गेला. काय सांगणार होतो? हत्ती शिशाचे आहेत, साहेब, असं?"

मी कलम ९ पुढे सरकवले. त्याने वाचले आणि कागद परत केला.

"हे मी घेणार नाही."

"अरे, तुझ्याशिवाय त्यांची किंमत कोणाला कळणार?"

"किमतीचा प्रश्न नाही. माफी मेल्यावर, सैन्य मेल्यावर. म्हणजे मी घरी येऊन भांडू पण नये. लांबून दगड मारायचा, कोणी चालून आलं की फटीतून मागे. माफीसुद्धा तशीच मागतोयस. सुटाच राहिलास तू, यज्ञेश."

स्वयंपाकघरातून हेमा म्हणाली, "अगदी बरोबर बोललात, भावजी." तिला कोणी विचारले नव्हते.

"मग तुला काय हवंय?" मी विचारले.

"साक्षीदार कर मला."

"साक्षीदाराला काही देता येत नाही."

"माहितीय. वाचलं ना वर. मला शिपाई नकोत, खाली सही हवीय. आणि आज लिही, नाव घालून. आजच्या आज."

त्याच्यासमोर लिहिले. चारशे शब्द. त्यात रामदास ओव्हाळ हे नाव सहा वेळा आहे आणि विनोद एकही नाही. संपादकांचा उलटा फोन आला, "रिसबूड, तब्येत बरी आहे ना?" लेख बुधवारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, छापून येईल. गुरुवारी मी शुद्धीवर नसेन, पण बुधवारी असेन, आणि ज्याला यायचे त्याने कर्वेनगरला येऊन माझ्यासमोर ते वाचावे.

सबब, कलम ९ मधली सैन्याची वाटणी रद्द. सैन्य तनयाला. तिने दर रविवारी टेबल मांडावे आणि खेळायला येणाऱ्याला चहा द्यावा. चहा करायला जाताना टेबलाकडे पाठ करायला हरकत नाही. कापडी टेप हेमाने मला दिली आहे. ती आता माझी मिळकत, आणि ती माझ्या पश्चात निळ्या पाकिटात त्या कात्रणाबरोबर ठेवावी.

बारा गोफणवाल्यांबद्दल रामदासला शेवटचे विचारले, निदान तेवढे तरी घे. तो दारात चपला घालत होता. सहीसाठी संजय यायचा होता म्हणून पुन्हा काढल्या.

"मला कशाला? माझ्याकडे हत्ती आहेत," तो म्हणाला. "गोफणवाले समोरच्या बाजूला लागतात. झडप बसवून घे आणि डिसेंबरात मांड. पावणेबारावर मांड, खऱ्या."

नियमावली, पान एकवीस, आजपासून असे वाचावे: 'सुटे पडल्यास ते मोजावेत. घट्टांइतकेच.' बदल माझ्या अक्षरात आहे. वाचता आला नाही तर रामदासला विचारावे, त्याला तोंडपाठ आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम हेमाने करावे. दुसरे कोणी नीट करील असे वाटत नाही. ती करील याबद्दल मात्र संशय नाही, आणि हे वाक्य मी कोणाच्याही बाबतीत पहिल्यांदा लिहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, माझ्यामागून वाचणाऱ्या हेमाने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि खालील दोघांच्या देखत, खुर्चीवरून न उठता, सही केली.

(सही) यज्ञेश्वर माधव रिसबूड
कर्वेनगर, पुणे
रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १
(सही) संजय पोंक्षे
रिसबूड यांनी माझ्यासमक्ष सही केली. मी पूर्ण वेळ खोलीतच होतो.

साक्षीदार २
(सही) रामदास ओव्हाळ, निवृत्त भूमापक, राहणार धायरी
रिसबूड यांनी माझ्यासमक्ष सही केली. सदर कापडी टेपचे बारा इंच स्टीलच्या टेपवर साडेबारा भरले, तीन वेळा मोजून खात्री केली. हत्ती हलले नव्हते.